उकरलेली माती

जिथं कुणीही कुणाला चोरून पुरलेलं नाही, अशी दहा चौरस किलोमीटर जमीन लुसियाला हवी होती. अशी जमीन पृथ्वीवर कुठं शिल्लक आहे याची हमी कोण देणार, असं बैठकीत कुणीतरी म्हणालं आणि चारदोन जण हसले. रेवती झिमल हसली नाही. माझं गाव घ्या, ती म्हणाली. माण तालुक्यातली कुरणवाडी. तिथला बांध न् बांध मला ठाऊक आहे, हमी मी देते.

पुण्यातल्या पृथ्वीपट केंद्रात त्या दिवशी तेवीस देशांचे लोक बसले होते. प्रकल्पाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. पृथ्वीभोवती फिरणारे त्याचे चोवीस उपग्रह दर सहा तासांनी जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावरून जात. ते फोटो काढत नसत. रडारची लहर जमिनीकडे सोडायची, परत आलेली लहर आधीच्या फेरीतल्या लहरीशी ताडून बघायची, एवढंच त्यांचं काम. मधल्या सहा तासांत जमीन केसभर जरी खचली किंवा फुगली असली तरी लहर तेवढी मागंपुढं होऊन येई. ढग, धूर, अंधार, काही तिच्या आड येत नसे. त्यातून पृथ्वीचा जो नकाशा, म्हणजे पृथ्वीपट, तयार झाला होता तो जिवंत होता. धरणाची भिंत कुठं सरकली, डोंगर कुठं सुटू लागला, नदी कुठल्या रात्री काठ सोडणार, हे त्यावर दिसे. आणि जुनं काही पुसलं जात नसे. बारा वर्षांतली कुठलीही फेरी मागे जाऊन बघता येई.

हे जमलं होतं एका करारामुळं. बावन्न देशांनी आपापली जमीन, आपापल्या नद्यांची आणि विहिरींची मोजमापं एकाच ठिकाणी आणून ओतायची आणि ती सगळ्यांची मानायची. भांडणारे शेजारीही त्यात होते. आदल्या वर्षी एका मोठ्या नदीच्या मुखाकडच्या चार लाख माणसांना पुराआधी हलवता आलं, कारण वरच्या देशानं पाण्याची पातळी लपवली नाही.

लुसिया रेस्त्रेपो या प्रकल्पात मातीची तज्ज्ञ होती. लॅटिन अमेरिकेतल्या तिच्या देशात ती अकरा वर्षांची असताना तिच्या भावाला गणवेशातल्या माणसांनी घरातून नेलं, ते कायमचं. तिची आई गावातल्या इतर बायांबरोबर डोंगरावर जायची. लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, उपसायची आणि टोकाचा वास घ्यायचा. वास आला तर तिथं खणायचं. एकवीस वर्षं त्या बाया हे करत होत्या. लुसियानं लिहिलेला संगणकाचा प्रोग्राम, एका अर्थी, त्याच सळईचं काम करणार होता. एकदा उकरलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, हे त्याचं सूत्र. खड्डा बुजवला की पहिल्या तीन पावसाळ्यांत ती जागा ठराविक गतीनं खचते. पाऊस पडून गेला की शेजारच्या जमिनीपेक्षा उशिरा वाळते. आणि आत देह असेल तर वरचं गवत आधी जळतं, मग कित्येक वर्षं जास्त दाट वाढतं. या तीन खुणा एका जागी आणि माणसाच्या मापात जुळल्या की नकाशावर लाल ठिपका उमटे.

करार करणाऱ्या देशांच्या परिषदेनं एक अट घातली होती. हमीच्या जमिनीवर आधी चाचणी घ्यायची. तिथं एक जरी खोटा ठिपका आला तर हा प्रोग्राम पृथ्वीपटावर चालवायचा नाही.

रेवतीनं कुरणवाडीतल्या ठाऊक असलेल्या सगळ्या जागा लिहून पाकीट बंद केलं. कब्रस्तान, लिंगायतांची दफनभूमी, ओढ्याकाठी तान्ही पोरं पुरतात ती पट्टी, साथीत मेलेल्या मेंढ्यांचा खड्डा, पाटलांच्या मळ्यातली बुवांची समाधी. अशा नऊ. सोमवारी दुपारी प्रोग्राम चालवला. मेंढ्यांचा खड्डा त्यानं बरोबर सोडून दिला. माणसांच्या आठही जागा दाखवल्या. आणि आणखी एक ठिपका दाखवला.

तो तिच्या भावाच्या डाळिंबाच्या बागेत होता, अकराव्या आणि बाराव्या ओळीच्या मधे.

लुसियाचा चेहरा पडला. खोटा ठिपका म्हणजे सगळं संपलं. तरी नियमाप्रमाणे, ज्यानं हमी दिली त्यानं पंधरा दिवसांत जागेवर जाऊन खात्री करायची होती. मी जाते, रेवती म्हणाली. तिच्या मनात बैल, कुत्रा, ठिबकची फुटलेली नळी असं काही काही येत होतं.

लुसिया गेल्यावर तिनं त्या जागेच्या जुन्या फेऱ्या उघडल्या. ठिपक्याची सुरुवात सापडायला वेळ लागला नाही. २०३४ सालच्या जूनची अकरा तारीख. दुपारच्या फेरीत जमीन सलग. संध्याकाळच्या फेरीतही सलग. त्यानंतरच्या फेरीत दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद माती उकरलेली. रोपांचे खड्डे यंत्रानं पंधरवडाभर आधीच काढून ठेवले होते. ते चौकोनी होते आणि ओळीत होते. हा ओळीत नव्हता.

त्या वर्षी रेवती डेहराडूनला शिकत होती. जूनच्या बारा तारखेला दादाचा फोन आला होता, सारिका घर सोडून गेली म्हणून. सारिका म्हणजे तिची वहिनी. कुणाबरोबर तरी गेली, आई म्हणाली होती. घरात चार वर्षांची गौरी होती.

निघण्याआधी केंद्राचे संचालक डॉ. केळुसकर यांनी तिला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. हा नकाशा उभा करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी दरवाजा लावून घेतला आणि सांगितलं की प्रोग्राम पास झाला तर निदान पंधरा देश आपली माहिती काढून घेतील, तसे निरोप आलेले आहेत. कुठल्या सरकारला आपल्या डोंगरातले लाल ठिपके जगाला दाखवायचे असतात?

"मेलेल्यांना शोधायच्या नादात जिवंत माणसं बुडतील, रेवती," ते म्हणाले. "तो ठिपका खोटा निघाला तर मला वाईट वाटणार नाही. एवढंच सांगायला बोलावलं."

खोटा ठिपका सगळ्यांनाच हवा होता. लुसिया सोडून.

कुरणवाडीला ती पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. दादा बागेतच होता, छाटणी चालली होती. विलास झिमल, वय एकोणचाळीस, कमी बोलणारा माणूस. वडील गेले तेव्हा रेवती नऊ वर्षांची होती. त्यानं शाळा सोडून मेंढरं राखली आणि तिला शिकवलं. दहावीच्या परीक्षेला रोज सायकलवरून दहिवडीला सोडायचा आणि पेपर सुटेपर्यंत शाळेच्या फाटकाशी उन्हात उभा राहायचा. त्यानं दिलेल्या डाळिंबांची पेटी दर वर्षी पुण्याला येई. त्या दोन ओळींमधल्या जागेलगतचं झाड इतरांपेक्षा हातभर उंच होतं.

ती त्या झाडापाशी उभी राहिली. इकडचं तिकडचं विचारून झालं, गौरीच्या शाळेचं झालं. मग तिनं आपलं काम काय आहे ते त्याला सांगितलं. लुसियाबद्दल सांगितलं, सळईबद्दल सांगितलं, चाचणीसाठी आपलंच गाव घेतलं हेही सांगितलं. तो छाटत राहिला.

"दादा, इथं खाली काय आहे?"

कात्री थांबली. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"किती दिसतंय तुमच्या त्या यंत्राला?"

"तारीख दिसते."

विलास बांधावर बसला. जे सांगितलं ते त्यानं तुटक तुटक सांगितलं. सारिकाला माहेरी, आटपाडीला जायचं होतं. कायमचं. रोजची भांडणं होती, त्याचा हात उठत असे, हेही त्यानं सांगितलं. त्या दिवशी शेतातल्या खोलीत बोलाचाली झाली, त्यानं ढकललं, पाण्याच्या दगडी कुंडावर तिचं डोकं आपटलं. उचललं तेव्हा श्वास नव्हता. आईला त्याच रात्री कळलं. सारिका पळून गेल्याचं आईनंच गावात सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, नळावर.

रेवती पण खाली बसली, त्याच्यापासून थोडी लांब.

घरी आल्यावर आई तिच्यासमोर बसली. तिला काही सांगावं लागलं नाही; मुलाच्या चेहऱ्यावरूनच तिनं ओळखलं होतं. ती रडली नाही. गेलेली परत येणार आहे का, तिनं विचारलं. गौरीचं मग कोण आहे? तुझ्या शिक्षणासाठी ज्यानं आपलं आयुष्य मेंढरांमागं घातलं त्याला तू फासावर देणार?

"आई गेली पोरीची," ती म्हणाली. "बाप तरी ऱ्हाऊ दे."

रेवतीला गौरीची दुसरी आजी आठवली. सारिकाची आई. रेवती उपग्रहाच्या कामात आहे हे कळल्यापासून ती म्हातारी दर वर्षी एकदा फोन करायची, लाजत लाजत विचारायची की तुमच्या त्या यंत्रात कुठं आमची पोर दिसली का. पोरीनं तोंड काळं केलं म्हणून सारिकाच्या वडलांनी बाजारात जाणं सोडलं होतं. तिचा भाऊ सुरतेपर्यंत शोधून आला होता. आणि गौरीनं लग्नाच्या फोटोतला आईचा चेहरा करकटकानं खरवडून काढला होता. तो फोटो अजून भिंतीवर होता.

गौरी तेवढ्यात शिकवणीहून आली. तेरा वर्षांची, बापासारखीच अबोल. आत्याला बघून हसली आणि दादानं तिच्यासाठी ठेवलेलं जेवण घेऊन टीव्हीसमोर बसली. विलासनं तिच्या ताटात तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना रेवतीनं भावाला सांगितलं, तू स्वतः पोलिसांकडं जा. मी बरोबर येते. स्वतः सांगितलंस तर वेगळं आहे, मी सांगितलं तर वेगळं. अहवाल द्यायला माझ्याकडं अजून दिवस आहेत. तीन दिवस थांबते.

त्यानं मान हलवली. मग एसटी यायच्या थोडं आधी विचारलं, "ते वरनं किती वेळानं बघतंय?"

"सहा तासांनी."

"ढगातनं बी?"

"ढगातूनही."

तो विचार करतोय, तयारी करतोय असं तिला वाटलं. खरं तर तसं वाटून घ्यायचं होतं तिला.

पुण्यात दोन दिवस गेले. लुसिया विचारायला आली तेव्हा खात्री करते आहे म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर येऊन तिनं सवयीनं कुरणवाडी उघडली. पहाटेच्या फेरीत अकराव्या आणि बाराव्या ओळींमधली जमीन उघडी होती. दोन मीटर लांब, आणि आता आणखी खोल. पलीकडे, शेततळ्याच्या कडेला, जिथं कधी कुदळ लागली नव्हती तिथं ताजा उकीर होता, लहान, जेमतेम पाऊण मीटरचा. हाडांना फार जागा लागत नाही.

रेवती त्या पडद्यासमोर बसून राहिली. तो दहावीच्या पेपरांना उन्हात उभा राहणारा दादा आणि सारिकाला दुसऱ्यांदा उचलून नेणारा हा माणूस, दोघं तिला एकाच वेळी दिसत होते आणि दोघांतला कुठलाही एक पुसता येत नव्हता. तिनं फोन लावला. त्यानं उचलला.

"दादा, तू काय केलंस?"

त्याच्या मागं कोंबड्या ओरडत होत्या.

"तुला दिसंल हे ठावं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, दिसलं तरी तू गप बसशील."

तिनं फोन ठेवला. अहवालाच्या कागदावर दोन चौकोन होते, ठिपका खोटा आणि ठिपका खरा. तिनं दुसऱ्यावर खूण केली, खाली भावाचं नाव लिहिलं, नवी जागाही लिहिली. मग स्वतः पोलिस ठाण्यात गेली. लुसियाला तिनं हे सगळं सांगितलं ते जिन्यात उभं राहून, चार वाक्यांत. लुसियानं तिचे दोन्ही हात धरले. तिच्या प्रोग्रामला शंभरपैकी शंभर मिळाले होते.

विलासला त्याच दिवशी धरलं. शेततळ्याच्या कडेला जे मिळालं ते पोत्यात होतं. आईलाही नेलं, वयामुळं चार दिवसांनी जामिनावर सोडलं. तिनं रेवतीला निरोप पाठवला की माझ्या तिरडीला येऊ नकोस. गौरीला आटपाडीच्या आजीनं नेलं.

पुढं जे झालं ते डॉ. केळुसकर म्हणाले होते तसंच झालं, त्याहून वाईटच. परिषदेनं मतदान घेऊन प्रोग्राम मंजूर केला आणि त्यानंतरच्या महिन्यात एकोणीस देश बाहेर पडले. त्यांनी आपली स्थानकं बंद केली, आपल्या जमिनीवर लहर सोडायला मनाई केली, नद्यांची मोजमापं थांबवली आणि करारातल्या एका कलमाखाली जुन्या फेऱ्याही मागून घेतल्या. जिवंत नकाशावर पांढरे तुकडे पडले. ऑगस्टमध्ये त्या मोठ्या नदीला पुन्हा पूर आला. वरच्या देशाची पातळी कुणालाच दिसत नव्हती. मेलेल्यांचा आकडा रेवतीनं वर्तमानपत्रात वाचला आणि पुन्हा वाचला. डॉ. केळुसकरांनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यांनी राजीनामा दिला.

बाहेर पडलेल्या एकोणिसांत लुसियाचा देशही होता. तिचा डोंगर तपासायची पाळी यायला नऊ दिवस बाकी होते. नोकरी सोडून ती परत गेली. तिथून एकदा तिचा फोन आला. डोंगर आता पांढरा आहे, ती म्हणाली, म्हणून आईबरोबर सळई घेऊन जाते. रेवतीनं विचारलं, माझ्यावर राग आहे का. राग कशाचा, लुसिया म्हणाली, तू तर भावाचं नावही दिलंस. मग फोन नुसताच चालू राहिला, दोन्हीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

रेवती आटपाडीला गेली ती खटला उभा राहिल्यावर, डिसेंबरात. सारिकाच्या आईनं तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि तिच्याकडं न बघता परसात निघून गेली. सारिकाचे वडील ओसरीवर बसले होते. ते आता बाजारात जात होते, असं शेजारणीनं नंतर सांगितलं.

गौरी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिनं केस कापले होते. आठ महिन्यांत ती आत्याशी एक शब्द बोलली नव्हती, फोन आला की आजीच्या हातात द्यायची. रेवती दाराशी बसली. आत जाण्याचा धीर तिला झाला नाही.

बराच वेळ वहीवर पेन चालत राहिलं.

"तुला बघायला मिळालं का सगळं?" गौरीनं विचारलं. "पोलिसांकडचं."

"कागद मिळाले. यादी."

"काय काय होतं?"

रेवतीनं ती यादी आठवली. हे मुलीला सांगावं की नाही याचा तिनं वाटेत खूप विचार केला होता आणि काही ठरलं नव्हतं. आता ठरवायला वेळ नव्हता.

"एक पिशवी होती तिच्याबरोबर. तिचं एक लुगडं, आधारकार्ड. आणि तुझे दोन फ्रॉक, तुझी कानटोपी. लसीचं कार्ड तुझं."

पेन थांबलं.

"माझे?"

"तुझेच. चार वर्षांच्या मुलीचे."

गौरी भिंतीकडं बघत होती. तिचा चेहरा रेवतीला दिसत नव्हता. मानेची शीर दिसत होती.

"म्हणजे मला घेऊन चालली होती."

"हो."

परसात आजी भांडी घासत होती, तो आवाजही थांबला होता. नंतर पुन्हा सुरू झाला.

"ते फ्रॉक मला मिळतील?"

"खटला संपल्यावर."

"कधी संपंल?"

रेवतीला ते माहीत नव्हतं आणि तिनं तसं सांगितलं. गौरीनं मान हलवली. ओढणीनं नाक पुसलं आणि वही पुन्हा पुढं ओढली.

"पप्पांना भेटलीस?"

"ते भेटत नाहीत मला."

"मलाबी भेटत नाहीत," गौरी म्हणाली. मग लिहिता लिहिता, मागं न वळता, म्हणाली, "आता तू जा, आत्या."

रेवती उठली. उंबऱ्यात चप्पल घालताना तिचा तोल गेला तेव्हा ओसरीवरच्या म्हाताऱ्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला, सावरली, आणि स्टँडच्या रस्त्याला लागली.